हौद्यावरील सांगाडा

जयपूरहून अजमेरकडे जाणाऱ्या राजमार्गावर सुमारे ३० किलोमीटरांवर बगरू हे गाव लागते. लाकडी ठशांनी कापड छापण्याच्या कलेबद्दल ते प्रसिद्ध आहे. छिपा ज्ञातीच्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविलेला हा व्यवसाय मातीचा, पाण्याचा आणि उन्हाचा आहे. कोरे सुती कापड धुवावयाचे, हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवावयाचे, त्यावर ठसे उमटवावयाचे. जेथे रंग लागू नये तेथे माती, चुना आणि डिंक ह्यांचा ‘दाबू’ नावाचा लेप ठशानेच देऊन त्यावर लाकडाचा भुसा भुरभुरावयाचा. पुन्हा उन्हात पसरावयाचे, निळीच्या कुंडात बुडवावयाचे, धुवावयाचे आणि वाळवावयाचे, असा हा क्रम आहे. ह्या प्रत्येक पायरीला कापड जागा बदलते, आणि अखेरीस तागे बांधून बाजाराच्या वाटेला लागते. एके काळी हे काम उंटगाड्या व बैलगाड्या करीत. आता पुष्कळसा माल लहान उघड्या मालमोटारीतून जातो, आणि अशा मोटारीच्या हौद्यावर पोलादी नळ्यांचा एक सांगाडा बसविलेला असला, तर तीच गाडी अधिक माल नेऊ शकते.

अशा गाडीला मराठी माणूस सरसकट ‘टेम्पो’ म्हणतो. हा शब्द मूळचा एका कारखान्याच्या गाडीचे नाव आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील विडाल आणि पुत्र ही पेढी टेम्पो नावाच्या तीनचाकी मालगाड्या बनवीत असे. तिच्या सहकार्याने १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी भारतात निघाली. २००५ साली ह्या कंपनीने आपले नाव बदलून फोर्स मोटर्स असे केले. परंतु तोपर्यंत शब्द भाषेत मुरला होता आणि कोणत्याही कारखान्याच्या गाडीला तो लागू लागला होता. मागे उघडा हौदा असलेली मोटार कारखान्यातूनच तयार करून विकण्याची प्रथा ह्याहून जुनी आहे. अमेरिकेतील फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या टी नमुन्याच्या गाडीला असा हौदा जोडून ती बाजारात आणली.

हौद्यावर आणखी सांगाडा कशासाठी, ह्याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे. हौदा अडीच मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद आहे, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ सव्वाचार चौरस मीटर आहे, असे समजू. सैलसर बांधलेल्या कापडाच्या एका घनमीटरात सव्वादोनशे किलोग्रॅम वजन बसते असे धरले, आणि गाडीची वाहण्याची ताकद १,३०० किलोग्रॅम मानली, तर तेवढे कापड हौद्याच्या तळापासून १.३६ मीटर उंच चढते. हौद्याचे फाळके मात्र ४० सेंटिमीटर उंचीचे. म्हणजे फाळक्यांच्या काठापर्यंत भरलेल्या कापडाचे वजन गाडीच्या ताकदीच्या एक तृतीयांशही होत नाही. जागा संपते, ताकद शिल्लक राहते. ह्याच रस्त्याने पुढे किशनगड ही संगमरवराची मोठी बाजारपेठ लागते. संगमरवराचे घनमीटर २,७०० किलोग्रॅमच्या आसपास भरते. त्याच हौद्यात १,३०० किलोग्रॅम संगमरवर सपाट पसरला, तर थराची जाडी अवघी ११ सेंटिमीटर होईल. संगमरवर वाहणाऱ्यापुढे शिगोशीग भरण्याचा प्रश्नच येत नाही. त्याच्या लाद्या भंगू नयेत म्हणून उभ्या टेकवण्यासाठी तो इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची घोडी वापरतो. एकाच राजमार्गावर ह्या दोन मालांच्या अडचणी अशा परस्परविरुद्ध आहेत.

कडब्याने भरलेली बैलगाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कापडवाल्याची अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. माल हलका असला की तो उंच रचला जातो, आणि उंच रचलेली गाडी ओढ्याच्या उतारावर कलू लागली की गाडीवान खाली उतरून चालू लागतो. मोटार चालविणाऱ्याला ती सवड नसते.

गाडी कोठवर कलली असता सावरते आणि केव्हा उलटते, हे तिच्या गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि दोन्ही बाजूंच्या चाकांतील अंतरावर अवलंबून असते. वळणावर गाडीचे जडत्व तिला सरळ नेऊ पाहते. चाकांचे रस्त्याशी घर्षण तिला वळवते. घर्षणाचा जोर जमिनीलगत लागतो, जडत्वाचा जोर गुरुत्वमध्याशी, आणि ह्या दोहोंमधील उंचीमुळे गाडीला बाहेरच्या अंगाला कलंडविणारे परिबल उत्पन्न होते. चाकांमधील अर्ध्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले असता जो अंक मिळतो, तो गाडीच्या स्थैर्याचे माप समजला जातो. चाकांमधील अंतर १.४ मीटर, रिकाम्या गाडीचे वजन १,७०० किलोग्रॅम आणि तिचा गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंचीवर, असे हिशेबापुरते धरल्यास रिकाम्या गाडीचे माप बरोबर १ येते.

आता ह्या गाडीत ६०० किलोग्रॅम कापड भरले. ते हौद्यातच ठेवले, तर कापडाचा मध्य जमिनीपासून साधारण १.१ मीटर उंचीवर येईल, आणि गाडी व माल मिळून स्थैर्याचे माप ०.८७ होईल. तेच ६०० किलोग्रॅम वरच्या सांगाड्यावर, जमिनीपासून दोन मीटर उंचीवर चढविले, तर माप ०.६७ पर्यंत उतरेल. वजन तेच, गाडी तीच, चाके तीच. केवळ माल ९० सेंटिमीटर वर गेला.

ह्या दोन अंकांतील फरक लहान दिसतो, परंतु त्यांच्या मधून एक महत्त्वाची सीमारेषा जाते. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबरी चाकाचा घर्षणांक बहुधा ०.७ ते ०.८ असतो. स्थैर्याचे माप ह्याहून मोठे असेल, तर वळणावर अतिवेग झाल्यास चाके आधी घसरतात. घसरणे वाईटच, पण गाडी चार चाकांवर उभी राहते, चालकाला सूचना मिळते आणि वेग कमी करण्यास एखादा क्षण हाती येतो. माप घर्षणांकाहून लहान झाले, की चाके घसरण्यापूर्वीच आतल्या बाजूची चाके उचलली जातात आणि गाडी आडवी होते. त्याआधी सूचना अशी मिळतच नाही. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ०.६७ मापाची गाडी कागदावरच्या हिशेबाने ताशी ५० किलोमीटर वेगाला उलटेल. प्रत्यक्षात ती ह्याहून कमी वेगालाच उलटते, कारण स्प्रिंगचे पाटे व चाके एका बाजूला दबतात आणि गुरुत्वमध्य बाहेरच्या अंगाला सरकतो. पावसाने रस्ता निसरडा झाला की उंच भरलेली गाडी एक वेळ घसरेल, पण उलटणार नाही. कोरड्या, उत्तम रस्त्यावर ती उलटेल. चालकाचा अनुभव त्याला ह्याच्या उलट शिकवत असतो, हे ध्यानात घ्यावयास हवे. कोरड्या रस्त्यावर तो निर्धास्त असतो.

तेव्हा जड वस्तू तळाशी आणि हलक्या वस्तू वर, हा नियम सांगाड्याच्या मजबुतीचा नसून गाडीच्या तोलाचा आहे. सांगाडा कितीही भक्कम केला तरी हा धोका तसूभरही कमी होत नाही. किंबहुना भक्कम सांगाड्याने तो वाढतो, कारण मजबुती पाहून माणूस वर अधिक माल चढवतो, आणि सांगाड्याचे स्वतःचे वजनही उंचावरच असते.

बगरूसारख्या गावी ह्या हिशेबात आणखी एक फसगत संभवते. माल मोजण्याचे मान तागे हे असते, किलोग्रॅम नव्हे. परंतु धुतलेले सुती कापड निथळल्यावरही स्वतःच्या वजनाइतके, पुष्कळदा त्याहूनही अधिक पाणी धरून ठेवते. कापसाच्या तंतूला पाण्याची ओढ आहे, आणि विणीतील बारीक पोकळ्यांत ते केशाकर्षणाने अडकून राहते. त्यामुळे ज्या शंभर ताग्यांना कालच्या खेपेत सांगाड्याने सहज पेलले, तेच शंभर तागे आज ओले असले तर भार दुप्पट होतो. डोळ्यांना मात्र ढीग तेवढाच दिसतो. ओले कापड दबून बसते, म्हणून उलट तो थोडा लहानच वाटतो.

ओल्या कापडाची दुसरी गोष्ट अधिक कुतूहलाची आहे. बगरूचा प्रसिद्ध काळा रंग गंजके लोखंड आणि गूळ पाण्यात पुष्कळ दिवस आंबवून तयार करतात. त्याला तेथे ‘स्याही’ म्हणतात. आपल्याकडील ‘शाई’ हा तोच शब्द. हे द्रावण स्वतः गडद काळे नसते. हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर त्याचा ठसा उमटला, की हिरड्यातील टॅनिन आणि द्रावणातील लोह ह्यांचा संयोग होऊन काळे, पाण्यात न विरघळणारे संयुग तंतूतच तयार होते. जुन्नर व आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी जो हिरडा गोळा करतात, तोही ह्याच वृक्षाचा. आता हिरडा दिलेले कापड ओलसर असताना रंग न दिलेल्या लोखंडी सांगाड्यावर टेकले, तर तेथे नेमकी हीच रासायनिक क्रिया घडते. फक्त ठसा छिप्याच्या हातचा नसतो, नळीचा असतो. गंजाचा साधा तांबूस डाग असता, तर तो काढण्याचा काही प्रयत्न तरी करता आला असता. हा काळा पट्टा म्हणजे बगरूचा अस्सल पक्का रंग असल्याने तो धुण्याने जात नाही. तुरटीचे पाणी आम्लधर्मी असल्यामुळे तेही लोखंडाला खाते. म्हणून कापड वाहणाऱ्या सांगाड्याच्या नळ्यांना लोहरोधी रंगाचे दोन हात द्यावेत आणि त्यावर लाकडी फळ्या किंवा बांबूच्या चिवा बसवाव्यात. डोंगराएवढी वजने पेलण्याची चिंता वाहणारा कारागीर ही लहानशी गोष्ट विसरतो आणि नुकसान मात्र तिच्यामुळेच होते.

सांगाड्याच्या बांधणीकडे वळू. त्याचे काम उभा भार पेलण्याचे आहे असे वरवर वाटते. चार खांब, वर चौकट आणि त्यावर माल एवढी कल्पना पुरेशी भासते. उभी गाडी असेल तर ती खरीही आहे. पण चालत्या गाडीने अचानक गतिरोध केला, की ६०० किलोग्रॅम माल पुढे जाऊ पाहतो. गतिरोधाची तीव्रता गुरुत्वत्वरणाच्या सहा दशांश असली, तर हा जोर ३६० किलोग्रॅम वजनाएवढा होतो. तो हौद्याच्या तळापासून १.२ मीटर उंचीवर लागतो. ७२ किलोग्रॅम वजनाचा माणूस सहा मीटर लांबीच्या आडव्या तुळईच्या टोकाला लोंबकळला असता तिच्या मुळाशी जेवढे परिबल येईल, तेवढे हे परिबल सर्व खांबांच्या पायांवर मिळून येते, आणि तेही एका क्षणात. उभा भार सोसणारा सांगाडा ह्या आडव्या झटक्याने वाकतो.

ह्यावरचा उपाय जाड नळ्या हा नव्हे. चार काठ्या टोकांशी खिळ्यांनी जोडून चौकोन केला आणि एका कोपऱ्याला धक्का दिला, तर तो कलून समांतरभुज होतो. तीन काठ्यांचा त्रिकोण मात्र काठी मोडल्याशिवाय आकार बदलत नाही. म्हणून प्रत्येक बाजूला एक तिरपा टेका द्यावा. टेका आला की जो जोर खांबाला वाकवीत होता तो टेक्याच्या लांबीच्या दिशेने ताण किंवा दाब बनून वाहू लागतो, आणि पोलाद वाकवले जाण्यापेक्षा ताणले जाणे कितीतरी सहज सोसते. लांबोडक्या नळीवर दाब आला तर ती मध्येच फुगून वाकते. ऑयलर ह्या गणितज्ञाने १७४४ साली ह्याचा नियम सांगितला. लांबी दुप्पट झाली तर ही सोसण्याची शक्ती चौथाई होते. उंच सांगाड्याला मध्यावर एक आडवी पट्टी जोडली असता खांबाची मोकळी लांबी निम्मी होते, ती ह्याचमुळे उपयोगी पडते. भरीव सळईपेक्षा तेवढ्याच वजनाची पोकळ नळी अधिक ताठ का, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पक्ष्यांच्या हाडांच्या व बोरूच्या उदाहरणाने चर्चिले आहे. आपल्याकडे बांबू हे त्याचे उत्तर फार पूर्वीपासून देत आला आहे.

सांगाडा कशावर बसवावयाचा, हा प्रश्न तो कसा बनवावयाचा ह्याहून नाजूक आहे. हौद्याचा तळ व फाळके पातळ पत्र्याचे असतात. त्याला भोक पाडून नट-बोल्टने खांब जखडला, तर काही दिवस सर्व ठीक चालते. मग भोकाच्या कडेला बारीक चीर दिसू लागते, आणि एके दिवशी बोल्ट शाबूत असून पत्रा फाटून निघतो. जोर पुष्कळ पत्र्यावर पसरावा म्हणून खांबाच्या पायाशी तळहाताएवढी जाड पट्टी आणि पत्र्याच्या खालूनही तशीच दुसरी पट्टी घालावी लागते. ह्याहून चांगले म्हणजे जोर पत्र्यात न थांबवता तसाच खाली चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या पोलादी कण्यापर्यंत न्यावा. तेथेही एक पथ्य आहे. चासीची तुळई भाराने वाकते तेव्हा तिच्या वरच्या पाखीवर दाब व खालच्या पाखीवर ताण सर्वांत अधिक येतो. मधल्या उभ्या पाटीत, उंचीच्या मध्याशी, तो जवळजवळ शून्य असतो. भोक पाडावयाचेच तर त्या मध्याजवळ पाडावे, पाख्यांना कदापि पाडू नये. भोक न पाडता यू बोल्टने आवळून धरणे सर्वांत निर्धोक. चासीवर थेट वेल्डिंग करणे टाळावे, कारण त्या उष्णतेने शेजारच्या पोलादाची घडण बदलते आणि चीर तेथूनच सुरू होते.

पुष्कळ सांगाडे पुढे वाढवून चालकाच्या कक्षाच्या टपावर टेकवतात. जागा वाढते, दिसावयासही ते नीटनेटके वाटते. परंतु बहुतेक अशा गाड्यांत कक्ष आणि हौदा हे चासीवर स्वतंत्रपणे बसविलेले असतात, आणि त्यांच्यामध्ये बोटभर फट ठेवलेली असते. ती फट निर्हेतुक नाही. खडबडीत रस्त्यावर एक चाक खड्ड्यात आणि समोरचे उंचवट्यावर आले, की चासीला पीळ पडतो आणि कक्ष व हौदा एकमेकांच्या उलट दिशांना किंचित कलतात. सांगाड्याने त्या दोहोंना एकत्र जखडले, तर हा पीळ सांगाड्याला सोसावा लागतो आणि वेल्डिंगचे सांधे एकामागून एक तडकतात. म्हणून टपावरचा भाग हौद्यातूनच उभा राहावा, पुढे छज्जासारखा निघावा आणि टपाला न शिवता वर राहावा. ह्या छज्जावर हलकाच माल ठेवावा हे ओघाने आले. मागच्या टोकाचीही तीच कथा आहे. पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांत तीन मीटर अंतर असलेल्या गाडीत मागील आसाच्या मागे एक मीटरवर २०० किलोग्रॅम ठेवले, तर पुढच्या चाकांवरील भार सुमारे ६७ किलोग्रॅमने हलका होतो, आणि सुकाणू हातात पोकळ लागू लागते.

बोल्टविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. तो खुंटीसारखा आडवा अडून माल धरतो, असे मानले जाते. वास्तविक नीट आवळलेला बोल्ट हा ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. दहा मिलिमीटर जाडीचा उत्तम पोलादी बोल्ट पुरेसा आवळला असता दोन पट्ट्यांना सुमारे अडीच टनांच्या जोराने एकमेकींवर दाबतो, आणि त्या पट्ट्यांमधील घर्षण आडवा जोर सोसते. बोल्टला आडवा भार बहुधा लागतच नाही. तो ढिला असेल तरच लागतो, आणि तेव्हा पट्ट्या एकमेकींवर सूक्ष्म घसरू लागतात. जर्मन अभियंता गेरहार्ट युंकर ह्यांनी १९६९ साली दाखवून दिले, की नट आपोआप फिरून सुटतो तो मुख्यतः ह्या आडव्या घसरण्यामुळे. बोल्टच्या लांबीच्या दिशेने होणाऱ्या कंपनांचा वाटा त्या मानाने लहान असतो. सांध्यात रबराचा तुकडा किंवा जाड रंगाचा थर राहिला, तर तो दबून बसतो आणि बोल्टचा ताण हळूहळू नाहीसा होतो. धातूला धातू भिडलेला सांधा म्हणूनच टिकतो. आवाज होऊ नये म्हणून रबर घालण्याची चाल आहे. तिने आवाज थांबतो, पण सांधा सुटतो.

मालावर ताडपत्री टाकून दोर आवळणे, हेही घर्षणाचेच काम आहे. दोर गाठोड्यांना खाली दाबतो व त्यामुळे त्यांचे घसरणे कमी होते. कापड दबून दोर सैल होतो, तेव्हा काही अंतर गेल्यावर तो पुन्हा ओढावा लागतो. वाऱ्याचा भारही क्षुद्र नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीवर दीड चौरस मीटर क्षेत्राचा उभा ढीग असेल, तर त्यावर सुमारे ४५ किलोग्रॅम वजनाइतका वाऱ्याचा अवरोध येतो, आणि तो तोडण्यात इंजिनाची १३ अश्वशक्ती खर्च होते. फडफडणारी ताडपत्री ह्यात आणखी भर घालते.

कायद्याचेही येथे काही म्हणणे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकाला परस्पर करता येत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीने हौद्याच्या बाजूंना, पुढे, मागे किंवा विहित उंचीपलीकडे बाहेर येणाऱ्या मालाबद्दल २०,००० रुपये दंड ठरविण्यात आला. सांगाडा बनवून घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे हे दंडापेक्षा स्वस्त पडते.

नवा सांगाडा बसविल्यानंतर पहिल्या काही दिवसांत पट्ट्या व रंग दबून बसतात आणि प्रत्येक बोल्टचा थोडा ताण जातो. म्हणून पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरांनंतर सर्व नट एकदा पुन्हा आवळावेत. त्यानंतर नट, बोल्ट व खालची पट्टी ह्या तिन्हींवरून रंगाची एकच सरळ रेघ ओढून ठेवण्याची कारखान्यांतील पद्धत फार सोयीची आहे. पुढे कधीही रेघ तुटक दिसली, की तो नट फिरला असे समजावे. त्यासाठी पाना लागत नाही. माल चढवताना चालकाने गाडीभोवती एक फेरी मारली म्हणजे पुरते.